दारूचा परवाना आणि गावाचा कौल

(यवतमाळ जिल्ह्यातील पंचायत सदस्य, शिक्षक आणि शासकीय अधिकारी यांच्यासमोरील भाषणाचा मजकूर)



कापसाची पहिली वेचणी आटोपली, की यवतमाळ जिल्ह्यातील खेड्यापाड्यांत रोख पैसा खेळू लागतो. वेचणीची मजुरी हाती पडते, व्यापाऱ्याकडून किंवा खरेदी केंद्रावरून चुकारा मिळतो आणि आठवडी बाजाराला तेज येते. परंतु शेतातून निघालेला हा पैसा घरी पोचण्याच्या आधी वाटेत बहुधा भट्टी लागते. विदर्भात परवाना असलेल्या देशी दारूच्या दुकानालाही लोक ‘भट्टी’च म्हणतात. तेथे आता काही गाळले जात नाही. कारखान्यातून आलेल्या सीलबंद बाटल्या तेथे विकल्या जातात. तरीही जुना शब्द लोकांच्या तोंडी राहिला आहे.

या दुकानात जाणाऱ्या पैशाचा हिशेब अवघड नाही. जून २०२५ मध्ये राज्य शासनाने मद्यावरील करांची फेररचना केली, तेव्हा देशी दारूच्या १८० मिलिलिटरच्या बाटलीची किमान किंमत ८० रुपये ठरली. रोज एक बाटली घेणारा मनुष्य वर्षाला २९,२०० रुपये खर्च करतो. त्याच वर्षी मध्यम धाग्याच्या कापसाला केंद्र शासनाने क्विंटलमागे ७,७१० रुपये आधारभूत भाव जाहीर केला. म्हणजे वर्षभराच्या दारूसाठी पावणेचार क्विंटलांहून अधिक कापूस विकावा लागतो. कोरडवाहू जमिनीत एका एकराचे पीक बहुधा याहून फार मोठे नसते. दोन-चार एकरांच्या शेतकऱ्याचा एक संपूर्ण एकर असा बाटलीत जातो. त्या एकराला लागलेले बियाणे, खत, फवारणी आणि बायकामाणसांची मेहनत यांचा हिशेब तर वेगळाच राहतो.

दारू वाईट आहे, हे सांगण्यासाठी सभा भरविण्याची गरज नसते. ते प्रत्येक घरातील स्त्रीला ठाऊक आहे. प्रश्न आहे तो दारूच्या विक्रीवर शासनाचे जे नियंत्रण आहे, त्या नियंत्रणात गावाचा वाटा कोणता, आणि तो गावाने कसा वापरावा, याचा.

नाव बंदीचे, व्यवस्था परवान्याची

महाराष्ट्रात दारूविषयीचा मूळ कायदा १९४९ चा आहे. तो मुंबई दारूबंदी अधिनियम या नावाने झाला आणि आता महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम म्हणून ओळखला जातो. या कायद्याची रचना नीट समजून घेण्यासारखी आहे. दारू तयार करणे, बाळगणे, वाहून नेणे, विकणे आणि पिणे या सर्व गोष्टींना कायदा प्रथम सरसकट मनाई करतो. त्यानंतर परवाना, अनुज्ञप्ती किंवा पास असेल तर आणि तेवढ्यापुरतीच ती मनाई दूर होते. म्हणजे महाराष्ट्रात बंदी हा नियम असून विक्री हा अपवाद आहे. पिणाऱ्यालाही परवाना लागतो आणि तो एका दिवसाचा, एका वर्षाचा किंवा आजीव मिळतो. सौम्य बिअर व वाइन यांसाठी वयाची २१ वर्षे आणि इतर मद्यासाठी २५ वर्षे पूर्ण झालेली असावी लागतात. या तरतुदी किती जणांना माहीत असतात आणि किती दुकानांत पाळल्या जातात, हे उपस्थितांना सांगण्याची आवश्यकता नाही.

या रचनेतून एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. दारूचे दुकान चालविणे हा कोणाचाही मूलभूत हक्क नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये खोडे डिस्टिलरीजच्या प्रकरणात हे पुन्हा स्पष्ट केले. किराणा किंवा कापडाचे दुकान काढणारा मनुष्य आपला हक्क बजावीत असतो. दारूच्या दुकानदाराजवळ असते ती शासनाने अटींवर दिलेली सवलत. अटी मोडल्या तर ती काढून घेता येते आणि लोकांनी विहित रीतीने नको म्हटले तरीही ती संपते. राज्यघटनेच्या अनुच्छेद ४७ मध्ये मादक पेयांच्या सेवनावर बंदी आणण्याचा प्रयत्न राज्याने करावा, असे मार्गदर्शक तत्त्व घातलेले आहे. दारूविषयीचे कायदे करणे व तिच्यावर कर बसविणे हे दोन्ही अधिकार घटनेने राज्यांकडे सोपविले आहेत. एकाच शासनाच्या एका हातात बंदीचे कर्तव्य आहे आणि दुसऱ्या हातात महसुलाची थैली आहे. ही ओढाताण जुनी आहे.

गुत्त्यापासून अनुज्ञप्तीपर्यंत

वऱ्हाडचा कारभार १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या हाती आला. आजचा यवतमाळ जिल्हा त्या काळी वणी जिल्हा म्हणून ओळखला जाई आणि १९०५ मध्ये त्यास यवतमाळ हे नाव मिळाले. या जंगलपट्टीत मोहाची झाडे विपुल आहेत. गोंड, कोलाम, परधान, आंध या समाजांच्या जीवनात मोहफुलाला अन्नाचे, चाऱ्याचे आणि देवकार्याचेही स्थान होते. इंग्रजी अमलात मोहफुलावर अबकारीची नजर बसली. कोठे ठरावीक जागी भट्टी लावून गाळण्याचा व विकण्याचा मक्ता देण्यात येई, तर कोठे मध्यवर्ती भट्टीतून माल पुरवून दुकानांचा लिलाव करण्यात येई. लिलावात अधिक बोली करणाऱ्यास गुत्ता मिळे. बोलीची रक्कम वसूल करावयाची तर अधिक दारू खपविणे गुत्तेदाराला भाग पडे. गावात किती दारू असावी, हे गावाऐवजी लिलावाची बोली ठरवू लागली.

म्हणूनच स्वातंत्र्याच्या चळवळीत दारूच्या दुकानांवरील निरोधन हा एक मुख्य कार्यक्रम झाला. १९३० मध्ये गांधीजींनी हे काम विशेषेकरून स्त्रियांकडे सोपविले. त्याच वर्षी १० जुलै रोजी लोकनायक बापूजी अणे यांनी पुसद येथे जंगल सत्याग्रह केला. जंगल आणि दारू हे या भागातील लोकांच्या नित्य जीवनाला भिडणारे दोन विषय होते आणि दोहोंवर परक्या सरकारचे कुलूप होते. पुढे लोकनियुक्त मंत्रिमंडळ आल्यावर मध्य प्रांत व वऱ्हाडात १९३८ चा दारूबंदी कायदा झाला. १९५६ मध्ये विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९५९ च्या विस्तार कायद्याने मुंबईचा दारूबंदी अधिनियम येथेही लागू करण्यात आला.

परंतु कागदावरील संपूर्ण बंदी खेड्यात उतरली नाही. नदीनाल्यांच्या काठी हातभट्ट्या पेटल्या, गूळ व नवसागर यांच्या सडव्यातून दारू निघू लागली आणि पोलिसांचे बळ त्यामागे धावण्यात खर्च होऊ लागले. साठीच्या दशकात राज्याने बंदी टप्प्याटप्प्याने शिथिल केली. त्या वेळी मुख्यमंत्रिपदी होते ते याच जिल्ह्यातील पुसद तालुक्याच्या गहुली गावचे सुपुत्र वसंतराव नाईक. १९७३ मध्ये महाराष्ट्र देशी दारू नियम तयार करण्यात आले आणि देशी दारूची निर्मिती, घाऊक विक्री व किरकोळ विक्री यांची आजची चौकट उभी राहिली. १९७२ मध्ये राज्यात कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली होती. अशा रीतीने कापूस घेणारे शासन आणि दारूचा परवाना देणारेही शासन, अशी स्थिती एकाच काळात निर्माण झाली. शासनाच्या या दोन व्यवहारांच्या मध्ये शेतकऱ्याचे घर उभे होते. कापसाची एकाधिकार खरेदी पुढे संपली, परंतु परवान्याची चौकट कायम राहिली.

बाटलीचा प्रवास

ही चौकट कशी चालते, हे पंचायत सदस्यांना माहीत असणे अगत्याचे आहे. साखर कारखान्यात उसाच्या रसातून साखर काढल्यावर मळी उरते आणि त्या मळीपासून आसवनीत मद्यार्क तयार होतो. देशी दारूच्या कारखान्यात त्याची तीव्रता ठरावीक प्रमाणात उतरविली जाते. पंचवीस अंश यूपी असे ज्या बाटलीवर लिहिलेले असते, तिच्यात शंभर भागांत सुमारे ४३ भाग मद्यार्क असतो. बाटल्या भरून, बूच व लेबल लावून त्या सीलबंद होतात. कारखान्याला सीएल-१, घाऊक विक्रेत्याला सीएल-२ आणि गावातील किरकोळ दुकानाला सीएल-३ अनुज्ञप्ती असते. विदेशी पद्धतीच्या मद्याच्या दुकानाला एफएल-२ आणि परमिट रूमला एफएल-३ अनुज्ञप्ती लागते. मालाच्या वाहतुकीसाठी प्रत्येक वेळी पास लागतो. शुल्क कारखान्याच्या स्तरावरच वसूल होते. यामुळे शासनाला प्रत्येक टप्प्यावर हिशेब तपासता येतो आणि पिणाऱ्याला विषारी दारूपासून काही अंशी संरक्षण मिळते. जून २०१५ मध्ये मुंबईतील मालवणी भागात मिथेनॉलमिश्रित गावठी दारूने शंभराहून अधिक बळी घेतले, हे विसरता येत नाही.

या व्यवस्थेचे आणखी एक वैशिष्ट्य आहे. देशी दारूच्या आणि विदेशी मद्याच्या किरकोळ दुकानांचे नवे परवाने सत्तरीच्या दशकाच्या मध्यापासून सर्वसाधारणपणे देण्यात आलेले नाहीत. जुने परवानेच एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी हलविले जातात. एखाद्या गावाने दुकान बंद पाडले, तर दुसऱ्या गावाच्या वेशीवर ते उघडण्याचा प्रयत्न होऊ शकतो. म्हणून परवान्याच्या स्थलांतराचा प्रस्ताव आल्याचे कळताच ग्रामसभेने आपले मत कारणांसह, ठरावाच्या स्वरूपात आणि वेळेत नोंदविले पाहिजे.

कारखान्यापासून दुकानापर्यंत नियंत्रणाची साखळी बऱ्यापैकी घट्ट असते. गळती बहुतांशी होते ती दुकानाच्या पुढे. दुकानातून पेट्याच्या पेट्या उचलून, परवाना नसलेल्या खेड्यात, पानठेल्यावर, धाब्यावर किंवा एखाद्या घराच्या परसात त्या चढ्या भावाने विकल्या जातात. शाळा व देवळापासून दुकान किती अंतरावर असावे, हे नियमाने ठरलेले आहे. परंतु परसातील विक्रीला अंतर नाही, वेळ नाही, आणि कोरडा दिवसही नाही. शासनाच्या वहीत त्या गावी दुकान नसते, पण गावात दारू असते.

अन्यत्र काढलेले मार्ग

दारूचा व्यापार कोणाच्या हाती असावा, हा प्रश्न जगात सर्वत्र विचारला गेला आहे. स्वीडनमधील गोथेनबर्ग शहरात १८६५ मध्ये एक निराळा प्रयोग झाला. दारूची दुकाने खाजगी व्यापाऱ्यांकडून काढून एका विश्वस्त स्वरूपाच्या कंपनीकडे देण्यात आली. भागधारकांना ठरावीक मर्यादेपर्यंतच लाभांश मिळे आणि उरलेला नफा सार्वजनिक कामाकडे जाई. विकणाऱ्याला अधिक खपात स्वारस्य राहू नये, हा त्यामागील विचार. नॉर्वेने १९२२ मध्ये सरकारी मक्तेदारीची संस्था काढली आणि स्वीडनमध्ये १९५५ मध्ये देशव्यापी सरकारी कंपनी स्थापन झाली. तेथे सरकारी दुकाने मोजकी असतात आणि त्यांच्या वेळा ठरलेल्या असतात.

भारतात तमिळनाडूने १९८३ मध्ये राज्य विपणन महामंडळ स्थापन केले आणि २००३ पासून किरकोळ विक्रीही त्याच्याकडे घेतली. छत्तीसगडने २०१७ मध्ये किरकोळ विक्री सरकारी कंपनीकडे दिली. खाजगी गुत्तेदार गेला, ही जमेची बाजू. परंतु दुकान सरकारी झाल्याने खप आपोआप कमी होत नाही, हाही अनुभव आला. महसुलाची सवय लागली की सरकारी दुकानालाही विक्रीचे उद्दिष्ट चिकटते. महाराष्ट्रात दुकान खाजगी आहे, परवाना सरकारी आहे आणि राज्य उत्पादन शुल्क विभागाचा वार्षिक महसूल वीस हजार कोटी रुपयांच्या पुढे गेला आहे. तेव्हा कोणतीही पद्धत असली तरी तिला लगाम घालणारी एक तिसरी शक्ती हवी. ती शक्ती म्हणजे ज्या गावात दुकान आहे त्या गावाचा कौल.

नदीच्या दोन तीरांवर

संपूर्ण जिल्हाबंदी हा दुसरा मार्ग यवतमाळच्या शेजारीच अनुभवास आला आहे. गांधीजी व विनोबा यांच्या वास्तव्याने पुनीत झालेल्या वर्धा जिल्ह्यात सत्तरीच्या दशकापासून बंदी आहे. गडचिरोलीत लोकांच्या मोठ्या आंदोलनानंतर १९९३ मध्ये बंदी आली. चंद्रपूरमध्ये स्त्रियांच्या दीर्घ लढ्यानंतर १ एप्रिल २०१५ पासून ती लागू झाली आणि २७ मे २०२१ रोजी ती उठविण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला. यवतमाळ जिल्ह्यातही ‘स्वामिनी’ या नावाने उभ्या राहिलेल्या अभियानात हजारो स्त्रियांनी जिल्हा दारूमुक्त करण्याची मागणी केली.

वर्धा नदीच्या पलीकडे बंदी आणि अलीकडे परवाना, अशी स्थिती असली की नदीवरील पूल हा व्यापाराचा मार्ग बनतो. २०१५ ते २०२१ या काळात वणी परिसराने हे जवळून पाहिले. बंदी असलेल्या जिल्ह्यातील गिऱ्हाईक अलीकडच्या तीरावर येई आणि अलीकडचा माल पलीकडे जाई. बंदीचा हेतू यामुळे खोटा ठरत नाही. मात्र सीमेवर जिल्हा बदलला तरी पिण्याची सवय बदलत नाही, एवढे त्यातून दिसते.

याच वणी शहरात एप्रिल २०२१ मध्ये घडलेली घटना साऱ्यांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. साथीच्या टाळेबंदीमुळे दारूची दुकाने बंद होती. दारू मिळेना म्हणून हात स्वच्छ करण्याचे सॅनिटायझर प्यायल्याने सात जणांचा मृत्यू झाला. ती माणसे मजुरी करून पोट भरणारी होती. या घटनेवरून दुकाने उघडी ठेवावीत, असा अर्थ काढणारे आढळतात. तो अर्थ बरोबर नाही. व्यसन हा शरीराला जडलेला आजार असतो आणि केवळ दुकानाला कुलूप लावून तो बरा होत नाही, हा तिचा खरा अर्थ. दीर्घकाळ रोज पिणाऱ्याची दारू एकाएकी तुटली, तर हातपाय थरथरणे, भ्रम होणे, झटके येणे असे प्रकार घडतात आणि त्यात जीवही जाऊ शकतो. म्हणून ज्या गावाला दुकान बंद करावयाचे आहे, त्याने कुलपाच्या आधी दवाखान्याची वाट पाहून ठेविली पाहिजे.

आडवी बाटली

मतदानाने दुकान बंद करण्याचा अधिकार शासनाने लोकांना दिला आहे. यासंबंधीचा सविस्तर आदेश मार्च २००८ मध्ये निघाला. गावातील किंवा नगरपालिकेच्या प्रभागातील एकूण मतदारांपैकी अथवा स्त्री मतदारांपैकी किमान २५ टक्के मतदारांनी सह्यांचे निवेदन द्यावयाचे असते. सह्यांची पडताळणी होते, मतदानाचा दिवस जाहीर होतो आणि शासकीय यंत्रणेमार्फत गुप्त मतदान घेतले जाते. मतपत्रिकेवर दोन चित्रे असतात. उभी बाटली म्हणजे दुकान चालू राहावे, आणि आडवी बाटली म्हणजे ते बंद व्हावे. अक्षरओळख नसलेल्या वृद्ध स्त्रीलाही या चित्रांचा अर्थ सांगावा लागत नाही.

मात्र या मतदानाचा एक नियम साध्या निवडणुकीहून वेगळा आहे. येथे झालेल्या मतदानाचे बहुमत पुरत नाही. यादीतील एकूण मतदारांच्या निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीला पडावी लागतात. उदाहरणादाखल एखाद्या गावात ६०० स्त्री मतदार आहेत, असे समजावे. निवेदनासाठी १५० सह्या लागतील. दुकान बंद होण्यासाठी ३०१ मते लागतील. मतदानाला ४०० स्त्रिया आल्या, त्यांपैकी २९० जणींनी आडव्या बाटलीला मत दिले आणि ११० जणींनी उभ्या बाटलीला, तरी दुकान चालूच राहील. जी आली नाही, तिचे मत दुकानदाराच्या पारड्यात पडल्यासारखे होते.

आता यादीत न येणाऱ्या कोण असतात, ते पाहावे. लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेल्या मुलींची नावे माहेरच्या यादीत राहतात. मृत स्त्रियांची नावे राहतात. कामासाठी बाहेरगावी गेलेल्या कुटुंबांची नावे राहतात. गावात नव्याने आलेल्या सुनांची नावे मात्र चढलेली नसतात. ६०० च्या यादीत अशी ८० नावे जास्तीची असली, तर खरोखर गावात असलेल्या ५२० स्त्रियांमधून ३०१ मते आणावी लागतात. यादी शुद्ध असती तर २६१ मतांत काम झाले असते. चाळीस मतांचा हा फरक अनेक गावांच्या लढ्याचा निकाल फिरवू शकतो.

येथे शिक्षकांचा संबंध येतो. मतदान केंद्रस्तरीय अधिकारी म्हणून पुष्कळ गावांत शिक्षकच काम करतात. मृतांची व स्थलांतरितांची नावे वेळच्या वेळी कमी करणे आणि नव्या सुनांची व अठरा वर्षे पूर्ण झालेल्या मुलींची नावे चढविणे, हे त्यांचे नेमून दिलेले कर्तव्य आहे. त्यात कोणाची बाजू घेण्याचा प्रश्न नाही. ते कर्तव्य चोख पार पडले, की गावाचा कौल खरा कौल ठरतो. दुकान राहावे असे गावाला वाटत असेल, तर तेही त्याच शुद्ध यादीतून दिसेल. तसेच मतदानाचा दिवस ठरविताना वेचणीचा हंगाम, पोळ्यासारखे सण आणि मजुरांच्या स्थलांतराचा काळ लक्षात घेतला जावा, अशी लेखी विनंती ग्रामपंचायतीने करावी. ऐन वेचणीत एका दिवसाची मजुरी सोडून रांगेत उभे राहणे गरीब स्त्रीला जड जाते.

जिल्ह्याच्या अनुसूचित क्षेत्रातील गावांना आणखी एक आधार आहे. १९९६ च्या पेसा कायद्याने मादक पदार्थांची विक्री व सेवन यांवर बंदी घालण्याचा अथवा नियमन करण्याचा अधिकार ग्रामसभेस व योग्य स्तरावरील पंचायतीस देण्याचे तत्त्व मान्य केले आणि राज्याचे नियम २०१४ मध्ये झाले. मारेगाव, राळेगाव, केळापूर, घाटंजी या भागांतील अशा गावांनी आपल्या ग्रामसभेच्या नोंदवहीत हा विषय घेतला आहे काय, हे सरपंचांनी पाहावे. ग्रामसभेचा अधिकार कायद्यात लिहिला गेला, तरी ठराव लिहिला गेल्याशिवाय तो जिवंत होत नाही. मोहफुलांविषयी मात्र येथे विवेक ठेवावा लागेल. मोहफुले गोळा करणे, बाळगणे व वाहून नेणे यांवरील निर्बंध राज्याने २०२१ मध्ये उठविले आहेत. मोहफुले वेचणारी आदिवासी स्त्री ही गुन्हेगार नसून वनोपजावर घर चालविणारी गृहिणी आहे. कारवाईचा रोख विक्रीसाठी दारू गाळणाऱ्यावर असावा. तिच्या टोपलीला हात लागू नये.

कुलूप लागल्यानंतर

दुकानाला कुलूप लागते त्या दिवशी गुलाल उधळला जातो. खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी सुरू होते. परवान्याची दारू गेली, की परसातील विक्रेता पुढे सरसावतो. शेजारच्या गावातून दुचाकीवर माल येतो आणि नाल्याकाठी सडवा मुरू लागतो. अशा वेळी मतदान करणाऱ्या स्त्रियांनी एकटीदुकटीने विक्रेत्याशी भांडावे, अशी अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. विक्रेता बहुधा त्याच गल्लीतला असतो आणि त्याचे नातेवाईकही गावातच असतात. बाईने नाव सांगितले, की संध्याकाळी तिच्याच दारात शिवीगाळ होते.

यासाठीच २०१६ मध्ये दारूबंदी अधिनियमात दुरुस्ती होऊन ग्रामरक्षक दलाची तरतूद करण्यात आली. ज्येष्ठ समाजसेवक अण्णा हजारे यांनी या तरतुदीचा आग्रह धरला होता. दलात स्त्रियांना स्थान असते, ग्रामसभेचे पाठबळ असते आणि दलाने दिलेल्या माहितीची दखल घेणे पोलिसांवर व उत्पादन शुल्क विभागावर बंधनकारक होते. तक्रार करणारी व्यक्ती एकटी न राहता तिच्यामागे संस्था उभी राहते, हा या दलाचा उपयोग. शिवाय अवैध दारूची माहिती पोलिसांना देणे हे गावपातळीवरील शासकीय सेवकांचे कर्तव्य कायद्यातच सांगितलेले आहे. पोलीस पाटलाने कळविले नाही, तर तो काम ग्रामस्थांवर ढकलतो. ठाण्याने नोंद घेतली नाही, तर तो भार त्या बाईच्या खांद्यावर येतो.

दुसरे काम उपचाराचे. इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेने २००६ मध्ये पश्चिम विदर्भातील शेतकरी आत्महत्यांच्या १११ घटनांचा अभ्यास केला. त्यांत कर्जबाजारीपणा शेकडा ८७ घटनांत आढळला, पीक बुडणे ४१ मध्ये आणि व्यसन २८ मध्ये. या आकड्यांवरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. शेतकऱ्याच्या संकटाचे खापर दारूवर फोडता येणार नाही, कारण कर्ज आणि पीक यांचे दुःख त्याहून मोठे आहे. आणि दारूकडे दुर्लक्षही करता येणार नाही, कारण खचलेल्या माणसाचा उरलेला आधार ती काढून घेते. राज्याने २०१५ पासून आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांत प्रेरणा प्रकल्पाद्वारे मानसिक आरोग्याचे समुपदेशन सुरू केले. आशा सेविका, शिक्षक व ग्रामसेवक यांनी व्यसनाधीन माणसाला आजारी माणूस मानून दवाखान्यापर्यंत पोचविले, तर अशा योजनांचा लाभ घरापर्यंत पोचेल. दारूड्या म्हणून ज्याला हिणवले जाते, तो दवाखान्यात जात नाही. तो नाल्याकाठी जातो.

तीन कामे

तेव्हा सभेतून परतताना तीन कामे बरोबर न्यावीत. पंचायत सदस्यांनी पुढील ग्रामसभेत दारूचा विषय घ्यावा, गावातील अधिकृत व अनधिकृत विक्रीची स्थिती नोंदवावी आणि जेथे आवश्यक तेथे ग्रामरक्षक दलाचा ठराव करावा. शिक्षकांनी मतदारयादी शुद्ध ठेवावी. शाळेत येणाऱ्या मुलाच्या दप्तरात वह्या का नाहीत, याचीही चौकशी करावी, कारण त्या वह्यांचे पैसे कोठे गेले हे मुलाला ठाऊक असते. अधिकाऱ्यांनी सह्यांचे निवेदन आले की पडताळणी लांबणीवर टाकू नये. विलंब झाला की सह्या करणाऱ्यांवर दडपण येते, सह्या मागे घेतल्या जातात आणि गावाचा धीर सुटतो.

गुत्त्याच्या काळात गावात किती दारू असावी, हे लिलावाची बोली ठरवीत असे. आज ते परवान्याची अट ठरविते, आणि त्या अटीत गावाच्या कौलालाही स्थान मिळाले आहे. शंभर वर्षांच्या वाटचालीत गावाने कमावलेला हा अधिकार आहे. मतपत्रिकेवर आडवी बाटली निवडण्यासाठी दिवसाची मजुरी बुडवून जी स्त्री रांगेत उभी राहते, तिने आपल्या वाट्याचे काम केलेले असते. यादी, ठराव, नोंद आणि उपचार ही उरलेली कामे तिच्या हातची नाहीत. ती या सभागृहात बसलेल्यांच्या हातची आहेत, आणि ती त्यांनी चोख केली तरच तिच्या मताचे चीज होईल.